माझा बेस्तरवार

कार्तिक सरत आला आणि बडनेऱ्याच्या वाटेवरच्या बाभळी पुन्हा पांढऱ्या झाल्या. कापसाच्या गाड्या खेटून जातात, पोत्यांतून लोंबणारी रुई काट्यांना अडकते आणि चार दिवसांत सगळी वाट पिकल्या केसांची दिसू लागते. सकाळी दुकानाची फळी काढली की धूळ, सरकी आणि बैलांचा घाम यांचा मिळून एक वास आत येतो. परगावचा माणूस नाकाला उपरणं लावतो. मी हातातलं काम खाली ठेवतो. सत्तरी उलटली, आता काम तरी कुठलं. सुईत दोरा ओवायलाही शेजारच्या सुनेला हाक मारावी लागते. तरी त्या वासासरशी हात थांबतो तो थांबतोच.

हंगाम दरसाल येतो. मला मात्र वाटतं, माझ्या वाट्याला एकच आला. बाकीचे त्याच्या मागून आले आणि निघून गेले.

मी जातीचा शिंपी. गिऱ्हाइकांची मापं लिहून ठेवण्यापुरतं अक्षर शिकलो, त्याच अक्षरात हे लिहितो आहे. त्या एका हंगामात मी तिशी ओलांडलेली होती. आगगाडी आमच्याकडे पोचायची होती. रूळ दर महिन्याला थोडे थोडे वर सरकताहेत एवढं ऐकू यायचं. दूर अमेरिका नावाच्या मुलखात भाऊबंदांची लढाई जुंपली होती, तिथला कापूस तिथेच अडकला होता आणि विलायतेच्या गिरण्यांना आमच्या काळ्या मातीतल्या कापसाची भूक लागली होती. हे सगळं मला पुष्कळ नंतर कळलं. दुकानात बसून दिसायचं ते एवढंच, की बैलांच्या शिंगांवर चांदीच्या शेंब्या चढल्या आहेत, आणि ज्यांचा एकच अंगरखा मी वर्षानुवर्षं ठिगळं लावून जगवला होता, ती माणसं एकदम तीन-तीन नवे शिवायला टाकताहेत. पुढे अंगरखे शिवायलाही सवड उरली नाही. रुई भरायची ती मोठाली पोती, आम्ही त्यांना डोकडे म्हणतो, ती शिवायला गावातले सगळे शिंपी बसले. सुई बाजूला ठेवली आणि दाभण घेतलं. सुतळीनं बोटं सोलून निघत. माझी बायको सरजा माझ्यासमोर बसून शिवायची. आम्हाला मूलबाळ नव्हतं. घरात गोणपाटाचे ढीग, त्यांच्या मधे आम्ही दोघं, आणि बाहेर गाड्यांची रांग, वेशीपासून दिसेनाशी होईपर्यंत.

त्या रांगेतून एक दिवस सोनाजी उतरला. तेल्हाऱ्याकडचा, भाड्यानं गाडी हाकणारा. अंगात ताप आणि पोटाला हगवण. दुकानासमोर चिंच होती, तिच्याखाली सोबत्यांनी त्याला निजवलं. रांग पुढे सरकली तशी त्यांना जावं लागलं. एकानं त्याची गाडीही हाकत नेली. "दोन दिसात येतो बावा, पडून राय," असं सांगून गेला.

गाव काही निष्ठुर नव्हतं. उलट त्या वर्षी सगळ्यांचे हात सैल होते. एका आडतदार शेटजींच्या घरून लोटाभर दूध आलं. हलवायानं जिलबी पाठवली. वैद्यबुवांनी पुडी दिली, कोणी देवीचा प्रसाद आणला, कोणी ताक. घोंगड्या तर किती आल्या! मी स्वतः घरातली नवी गोधडी नेऊन त्याच्या उशाशी ठेवली, बरं वाटलं, आणि परत येऊन दाभण उचललं. तीन दिवस येणारा-जाणारा काही ना काही ठेवून गेला.

चौथ्या दिवशी सकाळी सरजा झाडायला बाहेर गेली आणि तिथेच उभी राहिली. मी गेलो. सोनाजी गेलेला होता. दूध नासलं होतं, जिलबीवर मुंग्यांची रांग लागली होती. पुडी उघडलेली नव्हती. उशाशी पाच घोंगड्या, माझी गोधडी वरती, सगळ्यांच्या घड्या जशाच्या तशा. अंगावर एकही नव्हती. पौषाची थंडी होती.

आठेक दिवसांनी त्याची बायको आली, दिराबरोबर, पायी. आम्ही तिला दुकानात बसवलं, सरजानं पाणी दिलं. तिनं ते प्यायलं नाही. विचारलं, "सेवटी काई बोलले का जी? काई मांगलं का?"

मी सरजाकडे पाहिलं. सरजानं खाली पाहिलं.

"जवळ कोन होतं?" ती म्हणाली.

तिला सांगता आलं असतं की दूध कोणी दिलं, प्रसाद कोणी दिला. तिनं ते विचारलं नव्हतं. दीर म्हणाला, "चाल वहिनी," आणि ती उठली. वेशीपर्यंत तिनं मागे वळून पाहिलं नाही.

त्या दिवशी सरजानं एकही डोकडा शिवला नाही. संध्याकाळी म्हणाली, "अवो, सगळ्याइनं देलं. तुमी देलं, म्या देलं. कोनाले कोनाचं ठाव नव्हतं, आन बसलं कोनीच नाई. त्या मानसाले एक घोंगडी पुरे होती, पन ते अंगावर टाकनारं कोनीतरी पायजे होतं."

मी म्हणालो, "आता काय करतं? गेला तो."

"अजून गाड्या येऊनच राहिल्या ना," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी ती वेशीबाहेर चंद्रभागा मावशीच्या मळ्यात गेली. चंद्रभागा माळीण, विधवा, झेंडू आणि वांगी पिकवायची, आणि तिच्या जिभेला सगळी पेठ भ्यायची. तिच्या विहिरीचं पाणी गोड होतं आणि मळा गाडीवाटेला लागून होता. सरजानं तिच्याकडे मांडवापुरती जागा मागितली. मावशीनं विचारलं, "किती दिसासाठी?" सरजा म्हणाली, "हंगाम सरेपर्यंत." मावशी म्हणाली, "हंगाम सरते का कुठं? घे. तो वांग्याचा तुकडा घे."

बांबू आणि पऱ्हाट्यांचा, म्हणजे कापसाच्या वाळल्या झाडांचा, मांडव उभा राहिला, कुडाच्या भिंती शेणामातीनं लिंपल्या. आणि सरजानं तिथे एक नियम केला. आजाऱ्याच्या हातात परस्पर कोणी काही द्यायचं नाही. दूध असो, दाणे असोत, घोंगडी असो, सगळं एका जागी मावशीकडे जमा करायचं; कोणाला काय लागेल ते तिथला माणूस ठरवणार. आणि ज्याला काही हातचं येतं त्यानं आठवड्यातला एक वार द्यायचा. लोकांना आधी ते रुचलं नाही. दान द्यायचं आणि घेणाऱ्याचं तोंडही पाहायचं नाही, हे कसलं दान, म्हणाले. पण हळूहळू वार भरले. सोमवार सरजाचा. मंगळवारी कुंभार यायचा, आठवड्याची मडकी-परळ घालून जायचा आणि दिवसभर पाणी भरायचा. एका सुतारानं शनिवार घेतला. करीमभाई जर्राह, म्हणजे जखमा बांधणारे आणि हाडं बसवणारे, त्यांना वार विचारला तर हसले, "मले वार नका देऊ. मी रोज सकाळी येतो, नमाज झाली का."

मला बेस्तरवार मिळाला. गुरुवाराला आम्ही बेस्तरवार म्हणतो.

शिंप्याचं तिथे काय काम, असं मला वाटत होतं. पहिल्याच दिवशी करीमभाईंनी गोणपाट पुढे टाकलं आणि माणूस उचलून न्यायची झोळी शिवून मागितली. मग मोडक्या पायाला बांधायच्या पट्ट्या. मग कोंड्याच्या उश्या, रोज उसवून धुता येतील अशा. मी पोती शिवत होतो तीच सुतळी, तेच दाभण. पण हे शिवलेलं कोणाच्या तरी पाठीखाली जायचं, आणि तो माणूस "हाश" म्हणायचा. आजवर माझ्या कुठल्याही अंगरख्यावर कोणी तसं म्हणालं नव्हतं.

एका बेस्तरवारी चाकाखाली आलेला एक गाडीवान आणला. पोटरी उलली होती. करीमभाईंनी जखम धुतली, आणि सुई माझ्यापुढे धरली. त्यांचे हात तेव्हा कापायला लागले होते.

"दर्जी, तू घाल टाके."

मी मागे सरकलो. "करीमभाई, म्या कापड शिवतो."

"उसवलेलं कापड पाहून घाबरतो का तू? मंग हे काय अलग हाय? टाका लहान घे. वढू नको. त्याच्याकडं पाहू नको, टाक्याकडं पाय."

मी टाके घातले, रेशमी दोऱ्यानं, सात. गाडीवान माझ्या गुडघ्याला घट्ट धरून होता. त्याची बोटं उठली होती तिथे. घरी आल्यावर मी सरजाला ते वळ दाखवले, आणि ती इतकी हसली की तिच्या डोळ्यांत पाणी आलं. त्या दिवसांतली सरजा मला अजून तशीच दिसते, ओट्यावर बसलेली, कानात साधं पितळी फूल, केसात रुईचा एक पुंजका राहिलेला. ती खूश असली की बोलायची नाही, नुसती काम करत राहायची. लग्न होऊन पंधरा वर्षं झाली होती. ती काय करू शकते हे मला तेव्हा पहिल्यांदा दिसत होतं. थोडी भीतीही वाटत होती.

ज्यांच्या घरून सोनाजीला दूध आलं होतं ते शेटजी एके दिवशी स्वतः मळ्यात आले. मी तिथेच होतो, बेस्तरवार होता. मांडव पाहिला, नाक मुरडलं नाही. म्हणाले, "हे पऱ्हाट्यांचं काय टिकणार? मी इथे दगडी धर्मशाळा बांधून देतो. दारावर वडिलांच्या नावाचा दगड बसवू."

"बांधा जी," मावशी म्हणाली. "पन आत पानी कोन पाजन?"

"नोकर ठेवू."

सरजा डोक्यावरचा पदर सारखा करत पुढे आली. "शेटजी, रागावू नका. त्या चिंचेखाली तुमचाच मानूस दूध घेऊन आलता. ठेवून गेलता. त्याची चूक नाई, त्याले तेवढंच सांगतलं होतं."

शेटजींनी कुडाच्या भिंतीवरून हात फिरवला. मला वाटलं, आता निघून जाणार. मग म्हणाले, "तर मग बाई, मी देऊ काय?"

"तुमच्या गाड्या साऱ्या वऱ्हाडात जातात. कोनती वाट कोनत्या गावाले लागते, कोनता गाडीवान कोनत्या दिशी कुठं असते, हे तुमच्या पेढीवर बसल्या जागी ठाव असते. इथं कोनी पडलं का त्याच्या घरी निरोप पोचवा. तेवढं आमाले कोनालेच येत नाई."

"एवढंच?"

"एवढंच नाई जी ते," सरजा म्हणाली.

त्यानंतर निरोप जायला लागले. अकोल्याच्या वाटेनं, दर्यापुराकडे, अंजनगावाकडे. एका गाडीवरून दुसऱ्या गाडीवर, तोंडातोंडी. तिसऱ्या-चौथ्या दिवशी कोणाची आई यायची, कोणाचा भाऊ. एक म्हातारा बाप आला तेव्हा त्याचा मुलगा पेज पिऊन बसला होता. म्हातारा आत आलाच नाही. दाराशी उकिडवा बसला आणि मुलाकडे नुसता पाहत राहिला, जणू आत गेलं तर तो नाहीसा होईल. शेटजीही मग अधूनमधून येऊन कडेला बसायचे. दगडाची गोष्ट त्यांनी पुन्हा काढली नाही. त्यांनी मेळघाटातून सागाचे खांब आणवून मावशीकडे पोचते केले, कोणाच्याही नावाविना.

सगळेच वाचले असं नाही. माघात चार माणसं गेली. त्यांच्यातल्या प्रत्येकाजवळ मात्र कोणीतरी बसलेलं होतं, आणि घरची माणसं आली की तो बसलेला माणूस त्यांना वेगळं नेऊन शांतपणे सगळं सांगायचा. काय बोलला, कोणाचं नाव घेतलं, पाणी किती घेतलं. मला ते सांगणं टाक्यांपेक्षाही अवघड गेलं. सरजाला ते यायचं.

फाल्गुन लागला. रानात पळस पेटला होता, ऊन चढायला लागलं होतं आणि पेठेत एकच घाई उसळली. मुंबईला जहाजं लागली आहेत, पंधरवड्यात माल पोचला पाहिजे. एका बुधवारी एका पेढीचा माणूस दुकानात येऊन बसला. उद्याच्या उद्या डोकडे हवेत, वाटेल ती मजुरी घे, म्हणाला. मी हो म्हटलं.

सकाळी सरजा न्याहारी वाढत होती. मी म्हणालो, "आज माहा वार होता. पन पाहून राहिली ना तू, काम किती हाय ते. एक बेस्तरवार नाई गेलो तर काय बुडते?"

तिनं माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, बोलेल. तिनं भाकरीचा तुकडा ताटात ठेवला आणि म्हणाली, "बसा तुमी. मी जातो तुमच्या वाराले." आमच्याकडे बायाही कधी कधी 'जातो' म्हणतात, सरजा तर नेहमीच म्हणायची. पाठमोरी जाताना दिसली तेव्हा हातात माझी सुयांची डबी होती.

त्या बेस्तरवारी मांडवात ओकारी-जुलाब लागलेली, पटकीची तीन माणसं आली. पटकी म्हणजे काय, ते आमच्या पिढीला सांगायला नको. सकाळचा माणूस संध्याकाळी नसायचा. कुंभाराची बायको निरोप घेऊन आली की सरजा आज घरी येत नाही. शुक्रवारीही आली नाही. मी शिवत होतो. शनिवारी दुपारी मावशी स्वतः दुकानात आली, उन्हात, अनवाणी. ती काही बोलायच्या आत मी उठलो होतो.

सरजा मांडवाच्या दाराजवळ होती, वाऱ्याच्या जागी. दोन दिवसांत तिचा चेहरा असा बारीक झाला होता की मला तिच्या आईचा भास झाला. मी म्हणालो, "घरी नेतो तुले." तिनं मान हलवली. "इथं पानी जवळ हाय." मी तिच्या उशाशी बसलो, चमच्यानं पाणी घालत राहिलो. करीमभाई घटकेघटकेनं यायचे, नाडी पाहायचे आणि माझ्याकडे न पाहता जायचे. मावशी तिचे पाय चोळत होती.

मधेच तिनं डोळे उघडले. "तुमच्या डबीतली बारीक सुई हरपली," म्हणाली. "शोधली लई."

"हरपू दे."

"चांगली होती."

मग पुष्कळ वेळानं म्हणाली, "त्या कोपऱ्यातल्या म्हाताऱ्याले पायता का? त्याले आवाज देता येत नाई." मी मावशीला खूण केली, ती गेली. मी जागचा हललो नाही. रविवारी दिवस डोक्यावर यायच्या आधी सरजा गेली. तिचं डोकं माझ्या मांडीवर होतं. बाहेर मोट चालू होती, बैल मागे सरताना घंटा वाजत होत्या, आणि वाफ्यात पाणी सुटल्याचा आवाज येत होता. त्या आवाजाखेरीज त्या दिवसातलं पुढचं मला काही आठवत नाही.

गाव हळहळलं. सरजानं सोमवारासोबत बेस्तरवारीही सेवा केली आणि त्यातच गेली, असं लोक म्हणायचे. बेस्तरवार तिचा नव्हताच, माझा होता, हे कोणी बोललं नाही. मीही बोललो नाही. मी मांडवाकडे जाणं टाकलं. वेशीकडे जायचं झालं तर दुसऱ्या वाटेनं जायचो. दुकानात बसून शिवत राहायचो, आणि समोरची गोणपाटावरची जागा मोकळी.

चैत्र गेला, वैशाख गेला, पाऊस पडून गेला. पुन्हा सीतादही झालं, म्हणजे पऱ्हाटीला दहीभात दाखवून पहिली वेचणी झाली, आणि पुन्हा गाड्या लागल्या. एका सकाळी चंद्रभागा मावशी ओट्यावर येऊन बसली. टोपलीत वांगी होती, ती विकायला नव्हती आणली.

"भाऊ, तुहा बेस्तरवार मी भरून राहिली," ती म्हणाली. "झेंडू वाळून गेला माहा. त्याचं काई नाई. पन मले टाके घालता येत नाई. करीमचे हात तर आता घास बी धरत नाई. काल एकाचा हात फाटला होता, आमी नुसता बांधला. नासला तो."

 ती उठली, वांगी तिथेच ठेवली आणि गेली. त्या बेस्तरवारी मी गेलो. कोणी माझ्याकडे वळून पाहिलं नाही, कोणी काही म्हटलं नाही. कुंभाराच्या बायकोनं सुईची डबी आणून हातात दिली आणि म्हणाली, "तो बगलेतला मानूस पाहा आधी."

पुढे अमेरिकेतली लढाई संपली. कापसाचा भाव एका पावसाळ्यात असा खाली आला की चांदीच्या शेंब्या उतरल्या, पेढ्या बसल्या. आमचे शेटजीही बुडाले. जायच्या आधी ते मळ्यात आले, मावशीला नमस्कार केला आणि त्यांच्या जुन्या गाडीवानांतल्या दोघांना समोर उभं करून म्हणाले, निरोपाचं काम आता हे पाहतील. मग ते आपल्या मुलखाला गेले, परत आले नाहीत. जिलबी थांबली, घोंगड्या थांबल्या. मला वाटलं होतं, मांडवही आता बसेल. पण मंगळवारी कुंभार आलाच. शनिवारी सुतार आला. घराघरातून मूठभर जोंधळे मावशीकडे येत राहिले, कारण ते ज्यांच्याकडून येत होते त्यांना तेजीत काही फारसं मिळालंच नव्हतं. करीमभाई गेले तेव्हा त्यांची सून रोज सकाळी यायला लागली. जखम धुण्यात तिचा हात त्यांच्याहून हलका. कुडाच्या भिंती जाऊन मातीच्या आल्या. आगगाडी आली, गाड्यांची रांग आखूड झाली, सरकारी दवाखाना झाला. तरी वाटेवर पडणारी माणसं काही संपली नाहीत.

चंद्रभागा मावशी या कार्तिकात गेली. ऐंशीच्या घरात होती. शेवटचे आठ-दहा दिवस ती मांडवातच होती, तिच्या सांगण्यावरून. माझा वार नसतानाही मी जात होतो. एका दुपारी आम्ही दोघंच होतो. इतकी वर्षं पोटात ठेवलेलं मी बोललो. म्हणालो, "मावशी, सरजा ज्या वाराले इथं आली तो वार माहा होता. मी कामासाठी नाई आलो."

तिचे डोळे मिटलेले होते. म्हणाली, "तू कामासाठी नाई रायला बाबू."

मी तिच्या अंगावरची घोंगडी सारखी केली.

"आदल्या दिशी बडनेऱ्याच्या पडावावर पटकी लागल्याची खबर पेठेत आलती. तुले ठाव होतं."

मला ठाऊक होतं. पेढीचा माणूस दुकानात बसला होता तेव्हाच रस्त्यावरून कोणीतरी ते ओरडत गेलं होतं. माझी आई मी आठ वर्षांचा असताना माझ्या डोळ्यांदेखत पटकीनं गेली. तेवढं ऐकलं आणि मी त्या माणसाला हो म्हटलं. नंतर इतकी वर्षं मी स्वतःलाही सांगत आलो की मला कामानं अडवलं. हावरा म्हणवून घेणं सोपं होतं.

"तीन मानसं आली तवा मी म्हनलं," मावशी थांबत थांबत बोलत होती, "सरजे, नवऱ्याले बोलाव, वार त्याचा हाय. तर म्हने, नोको मावशी. त्याईले पटकीचं लई भेव वाटते. त्याईची माय तशीच गेली. त्याईले कळू देऊ नका, मले ठाव हाय म्हून."

मी विचारलं, "इतके दिवस तुमी बोलल्या काहून नाई?"

मावशीनं डोळे उघडले आणि माझ्याकडे पाहिलं, तशीच, पेठ जिला भ्यायची तशी.

"बोलली असती तर तू आला असता का परत? मले टाके घालनारा पायजे होता."

ती दोन दिवसांनी गेली. मी जवळ होतो. तिच्या भाच्याला काय सांगायचं ते मी सांगितलं. सरजाचं हे तेवढं वगळलं.

परवा बेस्तरवार होता. माझे डोळे अधू झाले आहेत, टाके आता करीमभाईंची सून घालते. मी गेलो. मांडवात कोणी आजारी नव्हतं, खाटा रिकाम्या होत्या. वार माझा होता, दिवसभर बसून होतो.